पिसांच्या जॅकेटला घोंगडीची पाठ

सामानाच्या यादीची पहिलीच ओळ अशी होती: सुती कपडा एकही आणू नये. खाली कारण दिलं होतं. कापूस ओला झाला की वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतो आणि बर्फात ते जिवावर बेततं. ही ओळ मी मोठ्यानं वाचली ती आमच्या ओसरीवर बसून, आणि माझ्या पाठीमागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. विकायचा राहिलेला, आमच्याच शेतातला.

अंगणात सासरे म्हशीला पेंड चारत होते. त्यांनी म्हशीकडं बघून विचारलं, "कापसानं कुणाचं काय घोडं मारलंय म्हणावं?"

हे मला होतं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, आणि मामांनी सुनेशी थेट बोलायचं नाही ही त्यांच्या पिढीची रीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांनी मला एकदाही समोरून हाक मारली नव्हती. जे सांगायचं ते म्हशीला, खांबाला, माझ्या नवऱ्याला. कुणीच नसलं तर हवेला. "चहा झाला का म्हणावं." "शाळेला उशीर होईल म्हणावं." मीही खांबाकडं बघूनच उत्तर देते. नवीन माणसाला वाटेल या घरात भांडण चाललंय. तसं काही नव्हतं, आमचं छान चाललं होतं.

पण त्या उन्हाळ्यात मात्र खरंच भांडण होतं. मी सत्तेचाळीस वर्षांची, शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, आणि मी हिमालयातलं सहा हजार मीटरचं एक शिखर चढायला निघाले होते. त्याआधी दोन वर्षं एका बर्फाच्या खिंडीपर्यंत जाऊन आले होते, तेव्हा घरानं ते सहलीत धरलं. या वेळी दोर, कुऱ्हाड, बुटांना लावायचे लोखंडी दात असलं काही कानावर पडलं आणि मामांनी खांबाला सांगून टाकलं, "बर्फात मरायला चाललीय म्हणावं. लोकं हसायलेत." त्यानंतर खांबाशीसुद्धा त्यांचं बोलणं बंद झालं. म्हशीलाच काय ते दोन शब्द.

लोक हसत होते हे खरं. हसू देत की! आमच्या भागात डोंगर नाही, टेकडी म्हणावी असंही काही नाही. सगळ्यात उंच काय, तर गावची पाण्याची टाकी. मी पाठीवर दहा किलो तूरडाळ बांधून त्या टाकीचा जिना रोज सकाळी वीस वेळा चढायची. कालव्याच्या भरावावरून सहा-सहा किलोमीटर चालायची. "मॅडम, डाळ इकायला निघालात का?" असं विचारणारे होते. त्यांना मी थांबून उत्तर द्यायची, "हो, घेता का?" आणि पुढं. "पण जायचं कशाला?" हा प्रश्न तर इतक्यांदा ऐकला की शेवटी मी एकच उत्तर धरलं: कारण मला जायचंय. लग्नाला, बाळंतपणाला, बदलीला, सगळीकडं मी दुसऱ्याच्या कारणानं गेले. एकदा तरी माझ्या कारणानं जाऊ द्या. नवरा शेती बघतो, बोलतो कमी. तो म्हणाला, "तुझं तू बघ बाई, मी मधी पडत न्हाई." त्याच्या भाषेत हा होकार.

तर सामान. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अंगाची लाही होत असताना, आमच्या अंगणातल्या बाजेवर लोकरीचे मोजे, कानटोप्या, दोन-दोन थरांचे हातमोजे मांडलेले. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. एकीनं मोठा हातमोजा घालून बघितला, घाम फुटला तशी ओरडत काढून फेकला आणि सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. बूट आणि कुऱ्हाड तिकडं पायथ्याशी भाड्यानं मिळणार होती. बाकीचं मी एकेक जमवलं, आणि सगळ्यात शेवटी आलं जॅकेट.

यादीत त्या जॅकेटखाली रेघ मारलेली होती. पिसांचं जाड जॅकेट, ते नसेल तर वरच्या तळावर प्रवेश नाही. नवं घेणं मला परवडणारं नव्हतं. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या लेकीनं कुणाचं तरी वापरलेलं मिळवून कुरिअरनं पाठवलं. लाल रंगाचं, आडव्या कप्प्या-कप्प्यांचं, आणि हातात घेतलं तर काहीच वजन नाही. मामांनी ते बाजेवरून उचललं, मुठीत दाबलं, सोडलं. परत दाबलं. "ह्यात काय हाय? निस्ती हवा," असं म्हशीला म्हणाले आणि ठेवून दिलं.

त्या दिवसापासून ते दुपारभर कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायला लागले. बोंडातला कापूस घ्यायचा, बोटांनी सरकी काढायची, कापूस एका धडप्यात, सरकी टोपल्यात. माझ्याकडं पाठ करून. मला वाटलं देवाच्या वातींसाठी चाललंय. मनात म्हटलं, रुसायचं तर रुसा, तेवढ्यात वाती तरी होतील.

जॅकेटला घामाचा कुबट वास होता. निघायच्या तीन दिवस आधी मी ते बादलीत भिजवून हलक्या हातानं धुतलं आणि घरावरच्या माळवदावर वाळत घातलं. दोन दिवसांनी वाळलं, पण आतली पिसं गोळा होऊन ठिकठिकाणी गाठी झाल्या. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, काही होत नाही, हातानं थोपटत राहा, फुलतं परत. मी थोड्या गाठी फोडल्या, बाकीच्या संध्याकाळी फोडू म्हणून जॅकेट दोरीवर ठेवलं आणि शेवटच्या दिवसाचे कागद द्यायला शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून दिल्लीची गाडी होती.

दुपारी परत आले तर दोरी रिकामी.

घरात शोधलं, माळवदावर शोधलं. नवरा शेतात. शेजारीण म्हणाली, "मामा लाल कायतरी काखेत मारून फाट्याकडं गेले की, सेलूच्या गाडीला." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे म्हाताऱ्यानं शेवटी हा डाव टाकला! जॅकेट नाही तर तळावर प्रवेश नाही, हे मीच तर ओसरीवर बसून वाचून दाखवलं होतं. मी तशीच फाट्यावर गेले, मिळेल त्या जीपमध्ये बसले. देवगाव फाट्यापासून सेलूपर्यंत मी काय काय बोलायचं ते मनात मांडत होते, आणि ते चांगलं नव्हतं.

सेलूच्या बाजारात गादीवाल्या चाचांचं दुकान आहे. आमच्या घरच्या गाद्या, रजया तीस-चाळीस वर्षं त्यांच्याकडंच. थंडीच्या आधी रजईत गाठी झाल्या की चाचांकडं न्यायची, ते उसवून कापूस पिंजून देतात, कमी पडला तर घरचा घालायचा. दुकानाबाहेर माणसं जमलेली दिसली म्हणून मी थांबले. आत बघितलं.

दुकानभर पिसं उडत होती. छताचा पंखा चालू, आणि त्याच्याखाली पांढरी, राखाडी लव नुसती भिरभिरायलीय. चाचांच्या दाढीत पिसं, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पिसं, समोरच्या वड्याच्या गाड्यावर पिसं. मध्ये फळीवर माझं जॅकेट पालथं पडलेलं, पाठ या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत उसवलेली. चाचा हातात कात्री घेऊन उभे. "ये रुई नै बाई," मला बघून ते रडवेले होऊन म्हणाले, "ये तो परां हैं! मेरेकू क्या मालूम!" आणि भिंतीला टेकून मामा उभे होते.

मी पंखा बंद केला. मग वळले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलले. "झालं तुमच्या मनासारखं? पाय धरून अडवायची हिंमत नाही, म्हणून चोरून जॅकेट फाडायला आणलं? मी जाणार! ऐकलं का? चादर गुंडाळून जावं लागलं तरी जाणार. तुमच्या नाकावर टिच्चून जाणार!" बाजार ऐकत होता. मला त्याचं काही वाटलं नाही. मामांनी मान खाली घातली आणि वाकून जमिनीवरचं एक पीस उचललं, मग दुसरं.

"बाई, जरा सुनो," चाचा म्हणाले. फळीच्या कडेला एक धडपं ठेवलं होतं, ते त्यांनी सोडलं. आत सरकी काढलेला कापूस. पांढराशुभ्र, हातानं निवडलेला, एक काडी नाही की कचरा नाही. "मामू ये लेको आए. बोले, सूनबाई बर्फ में जाती, कोट में गाठी हो गए, कपास भी कम डाले हैं लोगां. मेरे खेत का भरके दे. लय थंडी हाय म्हणे तिकडं."

मी त्या कापसात हात घातला. तीन आठवडे दुपारभर उंबऱ्यावर बसून काढलेली सरकी. वाती कसल्या!

मला काय वाटलं ते खरं सांगते. लाज वाटली, इतकी की जमीन दुभंगून आत जावं. आणि त्याच वेळी रागही आला, की अहो, एकदा विचारायचं तरी! बर्फात जाणाऱ्या माणसाच्या कोटात कापूस सोडून दुसरं काही असू शकतं, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या ध्यानात येणार तरी कसं? यादीत कापूस नको लिहिलेलं त्यांनी ऐकलं होतं. पण ते लिहिणाऱ्यालाच अक्कल नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माफी मागायला हवी होती, तेव्हाच, त्या बाजारातच. मी नाही मागितली. माझी जीभ शिव्या द्यायला लवकर उचलते, बाकीच्या कामाला जड होते.

मी एवढंच म्हणाले, "दार लावा. पिसं गोळा करू."

चाचांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि विकायची एक मच्छरदाणी काढली. तिचं तोंड पसरून आम्ही तिघं पिसं त्यात सोडत गेलो. वारा लागला की उडतात, घामेजल्या हाताला चिकटतात. मामा गुडघ्यावर बसून फळीखाली हात घालून चिमटीनं एकेक काढत होते. तास-दीड तास गेला. जमली ती निम्म्याहून कमी. वरचे कप्पे भरून चाचांनी ते बारीक टाक्यांनी बंद केले. पाठीच्या मधले दोन कप्पे मात्र रिकामेच राहिले, नुसतं कापड.

मामा चाचांना म्हणाले, "कापूस न्हाई चालत तर मग काय चालतंय, इचार."

"लोकर चालते," मी चाचांना सांगितलं. "लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही."

"हे त्या यादीवाल्यांनी आत्ता शोधलं व्हय?" मामा म्हणाले. "घोंगडी भिजली तरी ऊब देती, हे आमच्या म्हशीला ठाव हाय."

आणि त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली. मामा घोंगडीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. उन्हाळा असो, पाऊस असो, काळी, मऊ पडलेली ती घोंगडी खांद्यावर हवीच. तीच अंथरायची, तीच पांघरायची, पेरणीच्या दिवशी तिच्यावरच बियाणं ठेवायचं. घरात तिला कुणाचा पाय लागला तर ते जेवत नसत. त्यांनी ती फळीवर पसरली, चाचांच्या हातातली कात्री घेतली आणि मधोमध कचकन कापली. मी "अहो मामा" म्हणेपर्यंत दोन तुकडे झाले होते.

चाचांनी त्यातला तुकडा बेतून जॅकेटच्या पाठीला आतून लावला. गादीला घालतात तसे जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके, मधे मधे गाठी. बाहेरून लाल, पाठीवर पांढऱ्या गाठींच्या रांगा. दिवेलागणीला आम्ही दोघं शेवटच्या एसटीनं परत आलो. मामा पुढच्या सीटवर, मी मागच्या. त्यांचा खांदा रिकामा दिसत होता आणि मी घरापर्यंत तेवढंच बघत आले.

सकाळी नवऱ्यानं मला स्टेशनवर सोडलं. मामा म्हशीजवळ होते. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि मी माफी तशीच घेऊन दिल्लीच्या गाडीत चढले.

चार दिवसांनी पायथ्याच्या तळावर सामानाची तपासणी झाली. आमच्या मोहिमेचा प्रमुख तिशीतला, शहरातला, कामात चोख पोरगा. एकेक वस्तू उचलायचा, यादीवर खूण करायचा. माझं जॅकेट त्यानं उलटं केलं आणि घोंगडीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे काय आहे? कुणी खराब केलं?"

"खराब नाही केलं," मी म्हणाले. "दुरुस्त केलंय. माझ्या सासऱ्यांनी."

दोघं-तिघं हसले. प्रमुख म्हणाला, हे चालणार नाही, मी जबाबदारी घेऊ शकत नाही, भाड्यानं दुसरं मिळालं तर बघू, नाहीतर तुम्ही इथूनच परत. भाड्याची सगळी देऊन झाली होती. म्हणजे मी परत.

मग मात्र माझी सटकली. "सर," मी म्हणाले, "दिवस मावळायला आलाय, वारा सुटलाय. हे अंगात घालून मी त्या समोरच्या दगडावर बसते. तुमचा चहा, सूप, जेवण सगळं होऊ द्या. मी थरथरताना दिसले तर माझी मी बॅग बांधते. नाही दिसले तर खूण करायची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

तो काही म्हणायच्या आत मी दगडावर जाऊन बसले. ऊन गेलं तसा वारा असा सुटला की डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडायचं. नाक बधिर झालं, पाय बधिर झाले. सगळे एकेक करून जेवणाच्या तंबूत गेले. मी पाठ ताठ ठेवून बसले होते. आणि पाठ, खोटं बोलत नाही, पाठ गरम होती. घोंगडीला म्हशीचा, कडब्याचा, मामांच्या तंबाखूचा वास येत होता. त्या वासानं मला दगडावर बसल्या बसल्या रडू आलं. थंडीनं नाही.

तास उलटून गेल्यावर प्रमुख आला. परवानगी मागून त्यानं जॅकेटच्या आत, पाठीवर हात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. "कसली लोकर आहे ही?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "परभणीची." त्यानं कागदावर खूण केली.

शिखरावर मी पोचले नाही. हे आधी सांगायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या चढाईला निघालो, दोनशे मीटर उरले असताना वारा इतका वाढला की प्रमुखानं सगळ्यांनाच मागं वळवलं. मी त्याच्याशी भांडले. भांडून उपयोग नव्हता, त्याचं बरोबर होतं. परतीच्या गाडीत दोन दिवस मी खिडकीशी बसून होते. रडले नाही. मनात एकच ठरवलं, पण ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले तर समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर मामा बसलेले. खांद्यावर उरलेली अर्धी घोंगडी. आजूबाजूला नेहमीचे पाच-सहा जण, त्यात टाकीवर मला डाळ इकायला निघालात का विचारणारेही होते. त्यातल्या एकानं हसून विचारलं, "काय मॅडम, पोचलात का टोकावर?"

"नाही," मी म्हणाले. "दोनशे मीटर राहिले. वारा होता."

"आँ? म्हंजे एवढं समदं करून..." त्यानं बाकीच्यांकडं बघितलं.

मामा उठले. "आता न्हाई पोचली," ते त्या माणसाला म्हणाले. "पुढच्या साली परत जायलीय."

यांना कुणी सांगितलं? पण मग म्हटलं, बाजारात बोललेलं चार माणसांतच मागं घ्यावं, नाहीतर घेऊच नये. "मामा," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी सेलूत मी तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं. तुम्ही माझ्या काळजीनं केलं होतं आणि मी चोर म्हणाले."

तिथं म्हैस नव्हती. खांब होता, हॉटेलवाला होता, पाच-सहा माणसं होती. मामांनी त्यातल्या कुणाकडंच बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सरळ, तोंडाकडं.

"पोरी," ते म्हणाले, "पाठीला गार लागलं का?"

"न्हाई, मामा," मी म्हणाले. "पाठ गरम होती."